कंबरेच्या गादीचं दुखणं आणि थर्मल कॅमेरा: चित्र कसं घ्यावं, कसं वाचावं

“ताई, माझी गादी सरकलीय. त्या रंगीत कॅमेऱ्यात बघून सांगा ना, कुठली ते.”

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझी फिजिओथेरपीची खोली आहे. तिथे हे वाक्य आता वरचेवर कानावर येतं. कुणी मोबाइलवर लाल-निळ्या पाठीचा फोटो दाखवतं, कुणी एखाद्या शिबिरात मिळालेला रंगीत कागद घेऊन येतं. त्या कागदावर खाली ठामपणे लिहिलेलं असतं, ‘चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी दबली आहे.’ असाच कागद हातात आल्यावर आमच्या ओळखीतल्या एका काकांनी एमआरआय दोन महिने पुढे ढकलला, आणि तेवढ्यात त्यांचं उजवं पाऊल चालताना फरफटायला लागलं. त्या काकांमुळे हे सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं.

मी स्वतः हा कॅमेरा वापरते आणि तो मला उपयोगी वाटतो. पण त्याला फक्त एकच प्रश्न विचारता येतो: दोन्ही पायांच्या कातडीच्या तापमानात खरोखर फरक आहे का, आणि असल्यास तो हातांनी केलेल्या तपासणीशी जुळतो का? पुढे जे लिहिलंय ते या एका प्रश्नाचं उत्तर खात्रीचं कसं मिळवायचं याबद्दल आहे. नवे फिजिओथेरपिस्ट आणि छोट्या दवाखान्यातले डॉक्टर डोळ्यांसमोर आहेत, पण रुग्णानेही वाचावं. आपलं चित्र नीट घेतलं गेलं की नाही, हे त्याला त्यातून कळेल.

कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं

आपल्या कातडीतून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. विल्यम हर्शेलने १८०० साली हे किरण शोधले. वैद्यकात वापरले जाणारे बहुतेक थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी टिपतात, आणि त्यावरून प्रत्येक ठिपक्याचं तापमान काढून त्याला रंग देतात. कॅमेरा आपल्याकडून शरीरावर काहीच सोडत नाही. त्यामुळे क्ष-किरणांसारखा धोका नाही, गरोदर बाईचंही चित्र घेता येतं.

पण हे किरण येतात कातडीच्या अगदी वरच्या, मिलिमीटरच्याही अंशाएवढ्या थरातून. गादी असते कितीतरी आत, चरबी, स्नायू आणि हाडांच्या पलीकडे. शिवाय मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, म्हणजे ती स्वतः ‘तापत’ नाही. गादी कॅमेऱ्यात दिसते असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही.

मग फरक कशाचा दिसतो? कातडीला किती रक्त मिळतं, त्याचा. हे रक्त कमीजास्त करण्याचं काम स्वायत्त मज्जासंस्थेतल्या सिंपथेटिक नसा करतात. गादीचा गाभा बाहेर येऊन नसेच्या मुळाला खुपायला लागला की बहुतेक वेळा त्या बाजूच्या पायातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पाय थोडा गार पडतो. म्हणून सायटिकात, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या कळेत, दुखरा पाय लाल दिसेल अशी लोकांची कल्पना असते, पण पुष्कळदा तो निळा दिसतो.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे गोंधळ तिच्यातून निघतात. पायाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक नसा पाठीच्या कण्यातून बाहेर पडतात त्या छातीच्या खालच्या आणि कंबरेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या पातळीवर. आपल्या रुग्णांच्या गाद्या बिघडतात त्याच्या बऱ्याच खाली, बहुतेक करून एल-४-५ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) किंवा एल-५-एस-१ (पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामध्ये) या दोन जागी. म्हणजे एल-५ चं मूळ दबलं म्हणून एल-५ च्या पट्ट्यातच, म्हणजे त्या नसेच्या वाट्याच्या कातडीतच, गारवा यावा, असा सरळ हिशेब नसतो. तो गारवा प्रतिक्षिप्त क्रियेने, वळणावळणाने येतो आणि शेजारच्या भागातही पसरतो. संवेदनांचा नकाशा आणि तापमानाचा नकाशा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. एकट्या चित्रावरून ‘अमुक क्रमांकाची गादी’ असं लिहिणाऱ्या कागदावर माझा विश्वास बसत नाही तो याच कारणाने.

हे तंत्र नवंही नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत कंबरदुखीसाठी थर्मोग्राफीचा बराच गाजावाजा झाला. पुढे १९९१ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. बहुतेक अभ्यासांची पद्धतच सदोष असल्याचं त्यात दिसलं आणि कंबरदुखीत नेहमीच्या वापरासाठी ही तपासणी सुचवता येत नाही असा निष्कर्ष निघाला. मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्यानेही तिचा खर्च देणं बंद केलं. तेव्हापासून कॅमेरे खूप सुधारले, पण हा इतिहास माहीत असलेला माणूस चित्राकडे जरा सावधपणे बघतो.

कॅमेरा बाहेर काढण्याआधी

काही रुग्णांचं चित्र घेण्यात एक मिनिटही घालवायचं नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागाला, म्हणजे खोगिरावर बसल्यावर टेकतो तेवढ्या भागाला, बधिरपणा आला, दोन्ही पायांतली शक्ती जाऊ लागली, तर ती शस्त्रक्रियेची तातडी असू शकते. अशा रुग्णाला मी सरळ जयारोग्य किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवते, तेही फोन करून. पाऊल अचानक लुळं पडलं तरी तसंच. दुखण्याबरोबर ताप, घटणारं वजन, रात्री झोप मोडणारी कळ, पूर्वी झालेला कर्करोग, बऱ्याच दिवसांची स्टिरॉइड, पडल्याचा मार, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर आणि योग्य ती इमेजिंग. आपल्याकडे मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही.

उरलेल्यांची तपासणी आधी हातांनी. मी हा क्रम कधीच उलटवत नाही. चित्र आधी पाहिलं की मन त्या निळ्या पट्ट्याला चिकटतं आणि मग हातांनाही तेच जाणवायला लागतं.

उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय उचलायचा. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ मांडीतून गुडघ्याखाली उतरली, तर नसेचं मूळ ताणलं जातंय असा संशय घ्यायचा. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली, तर संशय आणखी पक्का. मग पायाचा अंगठा वर ओढायला लावून जोर बघायचा (एल-५), टाचांवर आणि चवड्यांवर चालवायचं (चवड्यांवर चालताना एस-१ चा कस लागतो), गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका तपासायचा, कापसाने स्पर्श बघायचा. आणि पावलाच्या दोन्ही नाड्या, पावलाच्या वर आणि आतल्या घोट्याच्या मागे, बोटांनी चाचपायच्या. ही शेवटची पायरी घाईत सुटते. ती सुटली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण पुढे येईल.

हे सगळं कागदावर लिहून झाल्याखेरीज कॅमेरा चालू करायचा नाही.

खोली

ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जानेवारीत पहाटे पाच-सहावर येतो. थर्मल चित्रासाठी याहून अवघड हवामान शोधून सापडायचं नाही. आपण मोजणार आहोत अर्ध्या अंशाचा फरक, आणि रुग्ण येतो स्कूटरवरून, एका गालाला लू, म्हणजे उन्हाळ्याचा गरम वारा, खात किंवा धुक्यातून गुडघे आखडून. चांगला कॅमेरा आणि वाईट खोली यांतून वाईट चित्रच निघतं. साधा कॅमेरा आणि चांगली खोली असेल तर काहीतरी हाती लागतं. म्हणून पैसे लावायचे असतील तर आधी खोलीला लावा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

खोलीचं तापमान २२ ते २४ अंशांच्या आत स्थिर हवं. स्थिर म्हणजे तासाभरात एका अंशाहून जास्त न हलणारं. भिंतीवर साधा डिजिटल थर्मामीटर लावा, जमलं तर आर्द्रता दाखवणारा. पंचविशीच्या पुढे घाम सुटू लागतो आणि घामाने कातडी ठिकठिकाणी गार दिसते. अठराच्या खाली अंगावर काटा येतो, पावलं आखडतात, आणि मग दोन्ही पाय सारखेच निळे.

उन्हाळ्यात आपल्याकडचा कूलर या कामाला चालत नाही. तो हवा थंड करतो, पण वाऱ्याचा झोत आणि ओलावाही देतो. एसी हवाच, आणि त्याचा झोत छताकडे वळवलेला. चित्र घेताना पंखाही बंद. हिवाळ्यात उलट अडचण: लाल तारांचा हीटर. पहिल्या वर्षी डिसेंबरमध्ये मी एका बाईंच्या डाव्या पोटरीवर आठ दशांश अंशाची वाढ टिपली आणि त्यांना नसेच्या दाहाबद्दल सांगत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बोलावलं तर फरक गायब. मग लक्षात आलं की आदल्या दिवशी हीटर त्यांच्या डाव्या हाताला, जेमतेम चार फुटांवर होता. त्यांना मी फोन करून तसं सांगितलं. तेव्हापासून हीटर खोली तापवायला आधी लावते आणि रुग्ण आत यायच्या अर्धा तास आधी बंद करून बाहेर नेऊन ठेवते.

खिडकीला जाड पडदा हवा. ऊन पडलेली भिंतही तापून किरण सोडते, म्हणून रुग्णाला पश्चिमेच्या भिंतीजवळ उभं करायचं नाही. पिवळे बल्ब बंद. आणि फरशी! लष्करातल्या जुन्या घरांत दगडी फरशी असते, तिच्यावर अनवाणी उभं राहिलं की पाच मिनिटांत तळवे गार. मी लाकडी पाट ठेवते, दोन्ही पावलं मावतील एवढा रुंद. घडी घातलेली सतरंजीही चालेल.

आदल्या दिवसापासूनची तयारी

भेट ठरवतानाच रुग्णाला सांगायचं, शक्यतो लिहून द्यायचं. आदल्या दिवसापासून शेक नाही, बर्फ नाही, मालीश नाही, विजेचे झटके देणारं उपचारयंत्र नाही. कंबर धरली की आपल्या घरात पहिली निघते ती गरम पाण्याची पिशवी, त्यामुळे हे दोनदा सांगावं लागतं. चित्राच्या दिवशी अंगाला तेल, बाम, पावडर काही लावायचं नाही. बाम कातडी लाल करतो आणि तेलाच्या थराने किरणांचा हिशेबच बदलतो. चार तास आधीपासून विडी, सिगारेट, तंबाखू बंद. चहा-कॉफीही दोन-तीन तास नको. अंघोळ करायची तर कोमट पाण्याने आणि चित्राच्या बरंच आधी. कंबरपट्टा, घट्ट नाडी, मोजे त्या सकाळी नकोत. त्यांचे वळ चित्रात तासभर राहतात. मागच्या खिशातलं पाकीटसुद्धा एका कुल्ल्यावर आपला ठसा सोडतं.

एरवीची औषधं बंद करायला सांगू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या हातपायांचं रक्ताभिसरण बदलतात, म्हणून रुग्ण काय घेतो ते फक्त टिपून ठेवा.

खोलीत आल्यावर कंबर आणि पाय उघडे करून पंधरा मिनिटं शांत थांबायचं. लूतून किंवा धुक्यातून आलेल्याला मी त्याआधी बाहेरच्या बाकावर वीस-पंचवीस मिनिटं बसवते. गादीच्या रुग्णाला पंधरा मिनिटं उभं राहणं जड जातं हे ध्यानात ठेवा. पाठ न टेकता स्टुलावर बसू द्या, पायावर पाय नको, हात मांड्यांवर नकोत. बसणं सहन होत नसेल तर वॉकर धरून मधूनमधून उभं राहू द्या. टेकलेला भाग ऊब धरतो, म्हणून शेवटची पाच मिनिटं मात्र सगळ्यांनाच उभं करायचं.

बायकांच्या बाबतीत दोन शब्द जास्त सांगते. कपडे उतरवून थांबायचं म्हटलं की आपल्या बाया संकोचतात आणि संकोच बोलून दाखवत नाहीत. खोलीत बाईच असावी, दाराला आतून कडी असावी, आखूड सुती चड्डी आणि पाठ उघडी ठेवणारा गाऊन दवाखान्याने द्यावा. चित्रात चेहरा येऊ द्यायचा नाही. ते कुठे साठवलं जाईल, कुणाला दाखवलं जाईल हे आधी सांगून लेखी संमती घ्यायची. ‘काकू, हा फोटो तुमच्या फाइलबाहेर जाणार नाही’ हे एक वाक्य ऐकल्यावर खांदे कसे सैल पडतात ते मी पाहिलंय. आखडलेल्या, घाबरलेल्या माणसाचे हातपाय तसेही गार पडतात.

कॅमेरा

किमान ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा, आणि ०.०५ अंशाइतका बारीक फरक ओळखणारा कॅमेरा घ्यावा. मोबाइलला जोडायचे स्वस्त कॅमेरे पुष्कळदा ८० गुणिले ६० किंवा १६० गुणिले १२० ठिपक्यांचे असतात. भिंतीतली ओल किंवा विजेचा तापलेला जोड शोधायला ते ठीक आहेत, पायाच्या बोटांचा अर्धा अंश शोधायला नाहीत.

माहितीपत्रकात ‘अचूकता अधिक-उणे २ अंश’ असं वाचून घाबरू नका. एखादं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी त्यावर दोन गाड्यांमधलं अंतर बरोबर मोजता येतं. तसंच हे. आपल्याला खरं तापमान नको आहे, दोन पायांमधला फरक हवा आहे. त्यासाठी मात्र दोन्ही पाय एकाच चौकटीत यायला हवेत. डावा वेगळा, उजवा वेगळा असे फोटो घेतले की घड्याळ मधेच बदललं.

चालू करून पंधरा मिनिटं कॅमेरा तसाच ठेवा, त्यालाही स्थिरावायला वेळ लागतो. कातडीची उत्सर्जकता (किरण सोडण्याची क्षमता) ०.९८ अशी भरा. तिपाईवर बसवा, उंची मोजायच्या भागाच्या मध्याला, दिशा अगदी समोरून. तिरक्या कोनातून कातडी उगाच गार दिसते, म्हणूनच पोटरीच्या कडा नेहमी निळसर असतात. काचेतून हे किरण जात नाहीत, त्यामुळे काचेच्या तावदानामागे उभं राहून चित्र घ्यायचा विचारही नको.

रंगांची पट्टी आणि तिच्या सीमा एकदा ठरवून कायम ठेवा. कॅमेरा आपोआप सीमा ठरवत असेल तर अर्ध्या अंशाचा फरकही लालभडक विरुद्ध गडद निळा असा भयंकर दिसतो. रुग्णही घाबरतो, वाचणाराही फसतो. मी बहुतेक करून करड्या छटांमध्येच वाचते.

चित्रं घेताना

कंबरेचं एक चित्र, फऱ्यांच्या खालच्या टोकापासून कुल्ल्यांपर्यंत. मग दोन्ही पाय मागून, मांड्या वेगळ्या आणि पोटऱ्या वेगळ्या. तसंच पुढून. मग पावलांच्या वरच्या बाजू. शेवटी तळवे: रुग्णाला पालथं झोपवून पावलं पलंगाच्या कडेबाहेर काढायची. पायांत वीतभर अंतर, म्हणजे एकाची ऊब दुसऱ्याला लागत नाही. नुसत्या बाजूने घेतलेल्या चित्रात दोन पायांची तुलना होत नाही, त्यामुळे मी ती क्वचितच घेते.

पहिली फेरी झाली की दहा मिनिटं थांबून दुसरी घ्या. दोन्ही फेऱ्यांत फरक त्याच बाजूला आणि जवळपास तेवढाच असेल तरच तो मोजा. दुसऱ्या फेरीत फरक निम्म्यावर आला, तर रुग्णाचं अंग अजून खोलीशी जुळत होतं एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक तपासणी मी न चुकता करते. कॅमेरा तिपाईवरच उलटा, वरची बाजू खाली करून, तेच चित्र पुन्हा घेते. फरक रुग्णाच्या पायाचा असेल तर तो त्याच पायावर राहतो. कॅमेऱ्याच्या संवेदकातच दोष असेल तर तो दुसऱ्या पायावर उडी मारतो. याला दोन मिनिटं लागतात, आणि या दोन मिनिटांनी मला दोनदा वाचवलंय.

आकडे काढणं आणि वाचणं

एखाद्या ठिपक्याचं तापमान घेऊ नका. दोन्ही बाजूंना सारख्या आकाराचा चौकोन किंवा लंबगोल आखा आणि त्यातली सरासरी घ्या. जागा हाडांच्या खुणांवरून ठरवा: गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, बाहेरच्या घोट्यावर चार बोटं, अशी. वर दिसणारी शीर, जखमेचा व्रण, चट्टा चौकोनात येऊ देऊ नका.

निरोगी माणसात पायांच्या दोन बाजूंमधला सरासरी फरक साधारण पाव अंशाच्या आसपास असतो. पावलांत थोडा जास्त, आणि बोटांत तर बराच वरखाली होतो. म्हणून मांडी-पोटरीत ०.३ अंशापर्यंतच्या फरकाकडे मी बघतही नाही. ०.३ ते ०.५ हा संदिग्ध पट्टा. ०.५ च्या पुढचा फरक दोन्ही फेऱ्यांत टिकला आणि पोटरीपासून पावलापर्यंत सलग दिसला, तर त्याला वजन द्यायचं. एकट्या अंगठ्याच्या गारव्याला नाही.

मग हातांच्या तपासणीचा कागद शेजारी ठेवायचा. कळ उजव्या पायात, अंगठ्याचा जोर उजवीकडे कमी, पाय उचलण्याची चाचणी उजवीकडे सकारात्मक, आणि उजवी नडगी-पाऊल ०.७ ने गार: सगळं एका बाजूला बोट दाखवतंय. इथे चित्राने नवीन निदान केलेलं नाही, आधीच्या संशयाला पाठिंबा दिलाय. कळ उजवीकडे आणि गार डावा पाय, असं निघालं तर चित्राचा अर्थ लावत बसू नका. डाव्या पायाला दुसरं काही आहे का ते शोधा.

कंबरेच्या चित्राबद्दल: कण्याच्या पन्हाळीत एक उबदार रेघ आणि कुल्ले गार, हे सामान्य आहे. कुल्ल्यांवर चरबीचा थर जाड असतो आणि चरबी उष्णता अडवते. कण्याच्या एका बाजूला उबदार ठिपका दिसला तर तो बहुतेक वेळा आखडलेल्या स्नायूचा असतो. त्याला ‘गादीची सूज’ म्हणणं चूक. आमच्याकडच्या हिवाळ्यात रोज शेक घेणाऱ्यांच्या कंबरेवर तपकिरी, जाळीदार डागही असतात. ते आधी साध्या डोळ्यांनी पाहून टिपा. बधिरपणा असलेल्या रुग्णाला तर गरम पिशवीने पोळलेलंही कळत नाही, त्याला तसं बजावून सांगा.

पाय गार, पण गादीमुळे नाही

साठीचे एक गृहस्थ, बाड्यावर दुकान, कोवळ्या वयापासून विडी. डाव्या पोटरीत चालताना गोळा, थांबलं की बरं. घरच्यांनी सायटिका ठरवून टाकलेली, एमआरआयमध्येही एल-४-५ ला गादीचा फुगवटा लिहिलेला. आमच्या चित्रात डावं पाऊल उजव्यापेक्षा दीड अंशाने गार. इतका मोठा फरक पाहूनच थांबायला हवं, कारण गादीच्या दुखण्यात तो सहसा एवढा जात नाही. डाव्या पावलाची नाडी हाताला लागत नव्हती. त्यांना पायांच्या धमन्यांच्या डॉप्लरसाठी (रक्तप्रवाहाच्या तपासणीसाठी) पाठवलं, अडथळा तिथे निघाला. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी धरणं आणि नुसतं उभं राहिल्यावर दुखणं ओसरणं, ही धमनीच्या दुखण्याची खूण आहे. कण्याची नळी अरुंद झालेल्या माणसाला नुसतं उभं राहून भागत नाही, त्याला वाकावं किंवा बसावं लागतं.

अशी कारणं बरीच आहेत. लहानपणी पोलिओ झालेला पाय जन्मभर गार राहतो. जुनं फ्रॅक्चर, शिरांच्या गाठी, मधुमेहाने थकलेल्या नसा, सगळी चित्र बदलतात. मधुमेहाच्या जुन्या रुग्णात तर मी या चित्रावर काहीच ठरवत नाही. पाय गार न दिसता एकच पोटरी गरम, सुजलेली, दाबल्यावर दुखणारी असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मालीश बिलकुल नाही, त्याच दिवशी डॉक्टर. पट्ट्यासारखी जळजळ आणि तिथली कातडी हुळहुळी असेल तर दोन-चार दिवसांत नागीण उठते का ते बघा.

एमआरआयशी नातं

मग एमआरआयच का नाही? कारण त्याचीही एक मर्यादा आहे, उलट बाजूची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत गादीचा फुगवटा होता, ऐंशीच्या वयात ८४ टक्क्यांत. म्हणजे एमआरआय रचना दाखवतो, ती रचनाच दुखण्याचं कारण आहे की नाही हे सांगत नाही. थर्मल चित्र शरीराची प्रतिक्रिया दाखवतं, तिचं कारण कुठे आहे हे सांगत नाही. दोन्हींच्या मधली जागा हातांची तपासणी भरते.

चित्र अगदी सारखं आलं म्हणून गादी ठीक आहे असंही समजू नका. मोठी गादी बाहेर आलेली आणि दोन्ही पायांत फरक ०.२, असे रुग्ण मी पाहिलेत. सुरुवातीला सांगितलेल्या काकांचा घात उलट दिशेने झाला होता. चित्रात फरक होता, पण ‘पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो काढू’ या आश्वासनावर पावलाचा जोर कुणी तपासलाच नाही. शक्ती कमी होत असेल तर चित्र काहीही म्हणो, एमआरआय आणि तज्ज्ञ लगेच. शक्ती शाबूत आणि धोक्याची लक्षणं नाहीत, तर सायटिकाची बहुतेक दुखणी सहा ते बारा आठवड्यांत ओसरतात. बाहेर आलेला गाभा पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. या काळात हालचाल चालू ठेवणं, व्यायाम, लागेल तशी औषधं. सहा आठवड्यांत सुधारणा नाही किंवा इंजेक्शन-शस्त्रक्रियेचा विचार आहे, तेव्हा एमआरआय. नसांच्या विजेच्या तपासणीत स्नायूंमधले बदल दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, त्याआधी घाई करून उपयोग नसतो.

अहवाल आणि पुढचं चित्र

माझ्या अहवालातलं वाक्य साधारण असं असतं: ‘खोली २३ अंश, १५ मिनिटं स्थिरावल्यावर दोन फेऱ्या. उजवी नडगी डावीपेक्षा ०.७ अंशाने गार, पाऊल ०.८. कंबरेत विशेष फरक नाही. हे उजव्या बाजूच्या नसेच्या मुळाच्या त्रासाच्या तपासणीशी सुसंगत आहे. यावरून गादीची पातळी ठरवता येत नाही.’ शेवटचं वाक्य मी कधीही गाळत नाही. तुमच्या हातात आलेल्या कागदावर खोलीचं तापमान, थांबण्याचा वेळ आणि दोन्ही बाजूंचे आकडे नसतील, नुसते रंग असतील, तर ते मागून घ्या. मिळाले नाहीत तर त्या कागदावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

पुन्हा चित्र घ्यायचं तर सहा आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच चौकोनांवर. दिवसाच्या वेळेप्रमाणे शरीराचं तापमान बदलतं, म्हणून सकाळच्या चित्राशी संध्याकाळचं जुळवू नका. बाहेरच्या ऋतूचा परिणामही पूर्ण पुसला जात नाही. फेब्रुवारीत घेतलेलं चित्र आणि मेमधलं चित्र शेजारी ठेवायची वेळ आली, तर पाय किती अंश ‘तापला’ याकडे बघायचं नाही, दोन्ही पायांमधला फरक तेवढा वहीत लिहायचा. त्याच्या शेजारी, त्याच रेघेवर, पाय किती अंश उचलला गेला, अंगठ्याचा जोर किती होता आणि रुग्ण न थांबता किती मिनिटं चालला, हेही.